सर्व्हर गेला, की नुसताच गप्प आहे?

सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयांत सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे जी रांग लागते, तिच्यात तुळजापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून पहाटेच निघून आलेली माणसंही असतात. खिडकीआडून ‘सर्व्हर डाउन आहे, थांबा’ असं ऐकू आलं की ही रांग जागच्या जागी थिजते. केसपेपर निघत नाही म्हणून डॉक्टरांपर्यंत जाता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट तयार असतो, पण तो दिसत नाही. औषधांच्या काउंटरवर बिल होत नाही. मुक्कामाची सोय नसलेल्या माणसाची परतीची एसटी चुकली, तर तो तास त्याला फार महागात पडतो.

म्हणूनच असं सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर न ठेवता अनेक सर्व्हरच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर ठेवतात. गटातला एखादा बंद पडला तरी खिडकी चालू राहावी, एवढाच हेतू. याला ‘हाय अव्हेलेबिलिटी’ म्हणतात. दुसरा सर्व्हर विकत आणणं सोपं आहे. पहिला खरोखर गेला आहे, हे त्या दुसऱ्याला खात्रीनं कळणं मात्र संगणकशास्त्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे.

आधी मोजमाप पाहू. वर्षाचे तास ८,७६०. एखादी यंत्रणा ९९ टक्के वेळ चालू राहते म्हणजे वर्षातून साडेतीन दिवसांहून जास्त बंद असते. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं आणि ९९.९९९ म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटं. यातले किती नऊ हवेत हे संगणक विभागानं एकट्यानं ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. ओपीडीच्या वेळेतली दहा मिनिटं आणि मध्यरात्री आधी कळवून घेतलेली दहा मिनिटं सारखी नसतात. आणि तातडीच्या विभागाला तर मध्यरात्रही चालत नाही. हे डॉक्टर, परिचारिका आणि खिडकीवरची माणसंच सांगू शकतात.

खिडकीवरून निघालेली विनंती एका साखळीतून जाते: नेटवर्क, मग विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर, मग नियम आणि हिशेब सांभाळणारा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि शेवटी नोंदी साठवणारा डेटाबेस. प्रत्येक कडी ९९.९ टक्के चांगली असली तरी चार कड्यांचा गुणाकार ९९.६ वर येतो, म्हणजे वर्षाला सुमारे ३५ तास बंद. याउलट ९९ टक्क्यांचे दोन साधे सर्व्हर शेजारी ठेवले आणि कोणताही एक पुरेसा असला, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरात एकच्या शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक. साडेतीन दिवसांचे ५३ मिनिटांवर आलो.

पण या गुणाकाराला एक अट आहे: दोघांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. सोलापूरकराला ही अट समजावून सांगायला नको. शहराला पाणी उजनीहून थेट जलवाहिनीनं येतं, टाकळीला भीमेतून उचललं जातं आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातूनही मिळतं. कागदावर हे तीन स्रोत दिसतात. पण टाकळीला उन्हाळ्यात पाणी पोचतं ते उजनीतूनच भीमेत सोडलं जातं म्हणून. उजनी तळाला गेली की तीनपैकी दोन स्रोतांवर एकदमच ताण येतो.

सर्व्हरचंही असंच होतं. दोन सर्व्हर एकाच कपाटात, एकाच यूपीएसवर, एकाच नेटवर्क स्विचला जोडलेले आणि एकाच एसीच्या भरवशावर असतील, तर वरचा गुणाकार विसरून जावा. मे महिन्यात इथला पारा ४४ अंशांना भिडतो. तो एसी दुपारी बंद पडला तर दोन्ही यंत्रं जवळपास एकाच सुमाराला तापतील. सॉफ्टवेअरमधला समान दोष तर याहून फसवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. २०१२ मध्ये जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालण्यात आला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट होती. असंख्य सर्व्हर ज्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात, तिच्या गाभ्यातल्या एका दोषामुळे त्या क्षणी ठिकठिकाणचे सर्व्हर एकदमच गोंधळले आणि प्रोसेसर विनाकारण धापा टाकू लागले. अशा वेळी शेजारी ठेवलेला दुसरा, तिसरा, दहावा सर्व्हर कामाला येत नाही, कारण त्या सगळ्यांवर तेच सॉफ्टवेअर असतं. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली तरी हेच घडतं.

क्षमतेच्या हिशेबातही एक सापळा आहे. दोन सर्व्हर रोज ७० टक्के भारावर चालत असतील तर सगळं आलबेल वाटतं. एक गेला की उरलेल्यावर १४० टक्के येतात आणि तोही कोसळतो. दोन असतील तर प्रत्येकानं निम्म्याच्या आत राहावं, तीन असतील तर दोन तृतीयांशाच्या आत. तोही नेहमीच्या दिवसाचा नाही, वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या सकाळचा भार धरून.

आता त्या खिडकीवरच्या माणसाकडे वळू. त्यानं लॉगिन केलेलं असतं, रुग्णाची माहिती अर्धी भरलेली असते. हे ‘सेशन’ अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या मेमरीत असेल, तर सर्व्हरबरोबर तेही जातं. सर्व्हरांनी आपापली सेशन एकमेकांना पाठवत राहावं, हा एक उपाय. पण प्रत्येकानं प्रत्येकाला पाठवायचं म्हटलं, तर चार सर्व्हरमध्ये १२ वाटा होतात आणि दहामध्ये ९०. सेशन बाहेरच्या एखाद्या सामायिक जागी ठेवून अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला रिकामं ठेवणं मला जास्त पसंत आहे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखं काही नाही, तो सर्व्हर कधीही बदलता येतो. फक्त त्या सामायिक जागेलाही जोडीदार हवा, नाहीतर साखळीतली नाजूक कडी एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते.

याहून नाजूक एक गोष्ट आहे आणि योजना आखताना ती हमखास राहून जाते. समजा, ‘पैसे जमा’ हे बटण दाबलं, डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि ‘झालं’ हे उत्तर परत येण्याआधीच सर्व्हर गेला. खिडकीवर काय दिसतं? काहीच नाही. माणूस पुन्हा बटण दाबतो, विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे जाते आणि दुसरी पावती फाटते. पावतीचं निस्तरता येईल. पण त्या जागी औषधाची मात्रा दोनदा नोंदली गेली तर? म्हणून प्रत्येक विनंतीला निघतानाच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आधी येऊन गेला असेल, तर काम पुन्हा न करता पहिलंच उत्तर परत द्यायचं. हे सर्व्हर खरेदीच्या यादीत सापडत नाही. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाच करावं लागतं.

मूळ अडचण इथून सुरू होते. क्लस्टरमधली यंत्रं एकमेकांना ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असा छोटा संदेश पाठवत असतात. त्याला हार्टबीट म्हणतात. लोड बॅलन्सरच्या जोडीसाठी व्हीआरआरपी नावाची पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात मुख्य यंत्र साधारणपणे दर सेकंदाला असा संदेश देतं आणि सुमारे तीन सेकंद तो आला नाही, तर राखीव यंत्र त्याचा नेटवर्कवरचा पत्ता स्वतःकडे घेतं. खिडकीवरच्या माणसाला काही बदललेलं कळतही नाही.

पण संदेश आला नाही याचा अर्थ काय? यंत्र बंद पडलं असेल. मधली केबल निघाली असेल. किंवा यंत्र ठणठणीत असेल आणि मेमरी साफ करण्यात काही सेकंद गुंतलं असेल. दुसऱ्या बाजूनं पाहणाऱ्याला तिन्ही वेळी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे शांतता. फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघा संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये गणितानं सिद्ध केलं, की संदेशाला किती उशीर होऊ शकतो याला काही मर्यादाच नसेल आणि एखादं जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर उरलेल्यांचं ठराविक रीतीनं हमखास एकमत घडवून आणणारी पद्धत असूच शकत नाही. प्रत्यक्षात आपण मार्ग काढतो तो वेळेची मर्यादा घालून: इतके सेकंद वाट पाहायची आणि मग गेला असं धरायचं. ती मर्यादा म्हणजे एक अंदाज असतो. फार लहान ठेवली तर जिवंत सर्व्हर मेला म्हणून बाजूला काढला जातो. फार मोठी ठेवली तर रांग ताटकळते.

तपासणी कशाची करायची, हाही तितकाच विचाराचा मुद्दा. यंत्र पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ एवढंच विचारणाऱ्या संदेशाला, उत्तर देतं एवढंच पाहिलं, तर आतलं सॉफ्टवेअर गोठलेलं असूनही ते ‘निरोगी’ ठरतं. म्हणून काही जण तपासणी डेटाबेसपर्यंत नेतात. मग एके दिवशी डेटाबेस थोडा मंदावतो, सगळ्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरांची तपासणी एकदमच नापास होते आणि लोड बॅलन्सर सगळ्यांनाच बाहेर काढतो. मंद चालणारं रुग्णालय अशा रीतीनं पूर्ण बंद पडतं. माझ्या मते तपासणीनं त्या सर्व्हरच्या स्वतःच्या प्रकृतीपुरतंच बोलावं. आणि अर्ध्याहून जास्त सर्व्हर एका क्षणात आजारी दिसले, तर लोड बॅलन्सरनं तपासणीवरच शंका घ्यावी.

चुकून जिवंताला मेलेलं ठरवलं, तर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. डेटाबेसच्या बाबतीत अनर्थ होतो. दोन यंत्रांमधला दुवा तुटला, राखीवाला वाटलं मुख्य गेला आणि त्यानं कारभार हाती घेतला; इकडे मुख्यही चालूच. दोघं वेगवेगळ्या नोंदी स्वीकारू लागतात. एकाच रुग्णाची दोन सत्यं तयार होतात आणि ती नंतर जुळवणं कधी कधी अशक्य असतं. यावर उपाय बहुमताचा: निदान तीन यंत्रं ठेवायची आणि निम्म्याहून जास्त जणांशी बोलता येतं त्याच गटानं कारभार करायचा. तीनचे तुकडे कसेही पडले तरी बहुमत एकाच बाजूला असू शकतं. दोघांत मात्र दुवा तुटला की बहुमत कुणाकडेच उरत नाही. म्हणून तिसरं यंत्र, अगदी साक्षीदारापुरतं छोटं असलं तरी, घ्यावंच. शिवाय कारभार घेण्याआधी जुन्या यंत्राचा वीजपुरवठा दूरूनच तोडतात. याला फेन्सिंग म्हणतात. तो मेला आहे का, हे कळत नसेल तर तो नक्की बंद असेल असं आपणच घडवून आणायचं. हे निर्दय वाटेल, पण नोंदी वाचतात त्या त्यामुळेच.

एवढं करूनही काय होऊ शकतं हे गिटहब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या उदाहरणातून दिसतं. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामात त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. बहुमताची यंत्रणा शिकवल्याप्रमाणे वागली आणि तिनं कारभार पश्चिम किनाऱ्यावर हलवला. पण शेवटच्या काही क्षणांतल्या नोंदी पूर्वेला लिहिल्या गेल्या होत्या, पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. दरम्यान पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन्हींची सांगड घालून सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. नोंदी गमावण्यापेक्षा उशीर पत्करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. रुग्णालयात तर हाच पर्याय आधीच लिहून ठेवायला हवा. प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी पोचल्यावरच ‘झालं’ म्हणायचं, तर प्रत्येक बिलाला किंचित जास्त वेळ लागतो. एका ठिकाणी लिहून लगेच ‘झालं’ म्हणायचं, तर शेवटचे काही क्षण धोक्यात राहतात. रिपोर्ट आणि औषधांसाठी पहिली पद्धत, आणि रांगेचा फलक वगैरेसाठी दुसरी, अशी वाटणी करता येते.

संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्येच टँडेम कंपनीच्या यंत्रांचे बिघाड तपासले होते. ही यंत्रं बंद पडू नयेत म्हणूनच बनवलेली होती. सुरुवातीच्या काळातले बिघाड वगळल्यावर ४२ टक्के घटनांचं मूळ यंत्रांच्या व्यवस्थापनात, २५ टक्क्यांचं सॉफ्टवेअरमध्ये आणि फक्त १८ टक्क्यांचं हार्डवेअरमध्ये निघालं. राखीव यंत्र ठेवून हार्डवेअरचा बराचसा धोका टळतो. घाईत बदललेल्या सेटिंगचा टळत नाही. म्हणून नवी आवृत्ती टाकायची तर एका वेळी एकाच सर्व्हरवर: त्याच्याकडचं काम थांबवायचं, बदल करायचा, काही काळ लक्ष ठेवायचं आणि मग पुढच्याकडे जायचं.

आणि सराव हवाच. नेटफ्लिक्सनं २०११ मध्ये आपल्या ‘केऑस मंकी’ या प्रोग्रामची सविस्तर ओळख करून दिली. तो कामाच्या वेळेत, माणसं हजर असताना, त्यांचेच सर्व्हर मुद्दाम बंद पाडायचा. रुग्णालयात असं सकाळी करता येणार नाही. पण ओपीडी नसलेल्या रविवारी दुपारी, तातडीच्या विभागाला कळवून, छापील केसपेपरचे गठ्ठे खिडकीवर तयार ठेवून, एका सर्व्हरची केबल काढता येते आणि खिडकी किती सेकंदांत पूर्ववत झाली ते घड्याळ लावून पाहता येतं. सरावाचा दुसरा निम्मा भाग म्हणजे केबल परत जोडणं, आणि तो बहुतेकदा राहतो. परतलेलं यंत्र जुन्याच नोंदी घेऊन आलेलं असतं. ते मधल्या काळातलं सगळं वाचून घेईपर्यंत त्याला बहुमतात मताचा हक्कही देऊ नये आणि कामही देऊ नये. नोंदी जुळल्या, काही वेळ ते स्थिर राहिलं, की त्याला आधी थोड्या विनंत्या द्याव्यात. आणि मुख्य कारभार लगेच त्याच्याकडे परत सोपवू नये. ज्यानं तो सांभाळला आहे त्याच्याकडेच पुढच्या ठरलेल्या देखभालीपर्यंत राहू द्यावा, म्हणजे सोमवारच्या रांगेवर आणखी एक फेरबदल ओढवत नाही.