समीक्षकाचे तारे आणि टोमॅटोमीटरचे टक्के

दहावीचा निकाल लागतो तेव्हा ‘शाळेचा निकाल शंभर टक्के लागला’ आणि ‘मुलीला शंभर टक्के गुण मिळाले’ या दोन वाक्यांतला फरक कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात सगळी मुले पस्तीस गुणांची रेषा ओलांडून गेल्याची बातमी असते. त्यांतले कोण काठावर उत्तीर्ण झाले आणि कोणी नव्वदी गाठली, हे त्यातून कळत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाच फरक आपण सर्रास विसरतो. समीक्षकांची परीक्षणे एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर ९५ टक्के दिसले की ते पंचाण्णव गुणच आहेत असे आपण धरून चालतो, आणि एखाद्या समीक्षकाने त्याच चित्रपटाला पाचपैकी तीनच तारे दिले असतील, तर दोघांपैकी कोणाचे तरी चुकले असा निष्कर्ष काढतो. वास्तविक दोघांचेही बरोबर असू शकते, कारण दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

तारे आधी आले. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी जुलै १९२८मध्ये चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली आणि या प्रथेचे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. त्यांची पट्टी तीन ताऱ्यांची होती. पुढे अमेरिकी वर्तमानपत्रांत चार ताऱ्यांची पट्टी रुळली, तर आपल्याकडे पाच ताऱ्यांची. त्यामुळे नुसते ‘तीन तारे’ वाचून काहीच ठरवता येत नाही. चारपैकी तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के आणि पाचपैकी तीन म्हणजे साठ. पट्टी कोणतीही असली, तरी तारे सांगतात ते एकच: या एका माणसाला हा चित्रपट किती आवडला. त्यातही ‘किती’ हे सापेक्ष असते. ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये १९६७पासून चित्रपटांवर लिहिणारे आणि १९७५मध्ये समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारे रॉजर ईबर्ट यांची भूमिका अशी होती की, तारे त्या-त्या प्रकारातल्या चित्रपटांशी तुलना करून द्यायचे असतात. मारधाडीच्या चित्रपटाची तुलना मारधाडीच्या दुसऱ्या चित्रपटाशी व्हावी, गंभीर कौटुंबिक शोकांतिकेशी नव्हे. मला ही भूमिका मनापासून पटते, कारण प्रेक्षकही तसाच विचार करून तिकीट काढतो.

टक्क्यांचा हिशेब निराळा आहे. १९९८मध्ये सुरू झालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’वर प्रत्येक परीक्षणाला दोनपैकी एकच शिक्का बसतो: ताजा किंवा सडका. पाचपैकी तीन तारे साधारणपणे ताज्यात जमा होतात आणि पाचपैकी पाच तारेही ताज्यातच जमा होतात. अशा अनुकूल परीक्षणांचे एकूण परीक्षणांशी प्रमाण म्हणजे टोमॅटोमीटर. ते साठ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर लाल टोमॅटो दिसतो, कमी असेल तर हिरवा शिंतोडा. म्हणजे इथे समीक्षकांची डोकी मोजली जातात, त्यांच्या आवडीची तीव्रता नाही.

कागदावर मांडून पाहिले की हे लख्ख दिसते. समजा, दहा समीक्षकांनी एक चित्रपट पाहिला आणि दहाही जणांचे मत ‘बरा आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ असे पडले. प्रत्येकाने पाचपैकी तीन तारे दिले. टोमॅटोमीटर शंभर टक्के, सरासरी तीन तारे. आता दुसरा चित्रपट घ्या. सहा जण भारावून गेले आणि त्यांनी पाच-पाच तारे दिले, तर चौघांना तो अजिबात सोसला नाही आणि ते दीड ताऱ्यावर थांबले. टोमॅटोमीटर साठ टक्के, पण सरासरी तीन पूर्णांक सहा दशांश तारे. सरासरीने सरस असलेला चित्रपट टक्केवारीत चाळीस अंकांनी मागे पडला. ‘मेटाक्रिटिक’ हे २००१मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ परीक्षणांचे शंभरपैकी गुणांत रूपांतर करून भारित सरासरी काढते, म्हणून तिथे दुसरा चित्रपट पुढे राहील. परंतु सहा जण एका टोकाला आणि चार जण दुसऱ्या टोकाला होते, ही गोष्ट सरासरीही पोटात घालते.

तारे आणि कौल यांतला फरक एकाच माणसाच्या हातून पाहायचा असेल तर पुन्हा ईबर्ट यांच्याकडेच वळावे लागते. वर्तमानपत्रात ते तारे देत आणि अमेरिकी टीव्हीवरच्या कार्यक्रमात जीन सिस्केल या दुसऱ्या समीक्षकाच्या शेजारी बसून अंगठा वर किंवा खाली करत. त्यांच्या हिशेबाने साधारणपणे तीन तारे झाले की अंगठा वर जाई. मग चार ताऱ्यांच्या चित्रपटासाठीही तोच अंगठा, तितकाच वर. जाहिरातींत झळकणारे ‘दोन्ही अंगठे वर’ हे खरे तर दोन समीक्षकांचे टोमॅटोमीटरच होते: शून्य, पन्नास किंवा शंभर.

मला स्वतःला सर्वांत प्रामाणिक वाटते ती फ्रान्सच्या ‘काये द्यू सिनेमा’ या मासिकाने १९५०च्या दशकात सुरू केलेली पद्धत. दहा जणांच्या मंडळाचे तारे एका तक्त्यात शेजारी-शेजारी छापले जात. एक तारा म्हणजे अगदीच वेळ असेल तर पाहा, दोन म्हणजे पाहा, तीन म्हणजे आवर्जून पाहा, चार म्हणजे श्रेष्ठ कलाकृती, आणि काळा ठिपका म्हणजे तसदी घेऊ नका. एकाच आडव्या ओळीत चार तारे आणि काळा ठिपका दोन्ही दिसले, तर वाचकाला बेरीज-भागाकाराशिवाय कळते की या चित्रपटावरून भांडण झाले आहे. टक्केवारीत नेमके हे भांडणच हरवते, आणि माझ्या अनुभवात लक्षात राहणारे बरेच चित्रपट भांडण लावणारेच असतात.

टक्क्यांबाबत आणखी एक पथ्य आहे. दहाच परीक्षणे आलेली असताना एका सडक्या शिक्क्याने आकडा दहा अंकांनी घसरतो. दोनशे परीक्षणांत तोच शिक्का अर्ध्या अंकाचा. त्यामुळे मराठी चित्रपटाची मोजकीच इंग्रजी परीक्षणे ‘रॉटन टोमॅटोज’वर नोंदली गेली असतील, तर त्या आकड्यात फारसा अर्थ उरत नाही.

ताऱ्यांना मात्र शब्दांची सोबत असते, आणि ती आखूड असली तरी पुरते. अमेरिकी समीक्षक लेनर्ड माल्टिन यांच्या १९६९ ते २०१४ या काळात निघालेल्या चित्रपट-मार्गदर्शिकेत १९४८च्या ‘इझन्ट इट रोमँटिक?’ (हे रोमँटिक नाही का?) या चित्रपटाचे परीक्षण एका शब्दाचे होते: ‘नाही.’ शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो शब्द वाचला की माल्टिन यांना तिथे काय कमी वाटले, ते कळते.

म्हणून रविवारी संध्याकाळी आई, मुले आणि पाहुणे अशा सगळ्यांना घेऊन बसायचे असेल तेव्हा मी टक्के पाहतो. कोणाचाच विरस होऊ नये एवढेच तेव्हा हवे असते आणि टक्के तेवढ्याचीच हमी जवळपास देतात. एकट्याने जायचे असते तेव्हा मी वर्षानुवर्षे वाचत आलेल्या एका समीक्षकांचे परीक्षण उघडतो. त्यांना संथ चित्रपट सोसत नाहीत, हे मला आता पाठ झाले आहे. त्यांनी दोन तारे देऊन खाली ‘छायाचित्रण देखणे, पण कथा पुढेच सरकत नाही’ असे लिहिले असेल, तर मी त्याच रात्रीच्या खेळाचे तिकीट काढतो.