हबलचे दोन ‘नवे’ कॅमेरे: एसीएस आणि डब्ल्यूएफसी३

हबल दुर्बिणीला नवा कॅमेरा बसवल्याची बातमी २००२ मध्ये गाजली आणि २००९ मध्ये पुन्हा. त्यामुळे दुसरा आला आणि पहिला गेला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं झालं नाही. मार्च २००२ मध्ये कोलंबिया यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी अ‍ॅडव्हान्स्ड कॅमेरा फॉर सर्व्हेज, म्हणजे एसीएस, बसवला. मे २००९ मध्ये अटलांटिसमधून गेलेल्या वाइड फील्ड कॅमेरा ३ ने (डब्ल्यूएफसी३) १९९३ पासूनच्या एका जुन्या कॅमेऱ्याची जागा घेतली. एसीएस जागच्या जागी राहिला. इतकंच नव्हे, २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स बिघडल्याने बंद पडलेला त्याचा मुख्य भाग याच मोहिमेत दुरुस्तही झाला.

दोघांना प्रकाश मिळतो तो २.४ मीटरच्या एकाच आरशाकडून. आकाशाचा मोठा तुकडा टिपण्यात जुना एसीएसच पुढे: त्याची चौकट सुमारे २०२ आर्क-सेकंद (एक आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद, तर डब्ल्यूएफसी३ ची नावात ‘वाइड’ असूनही १६२. अर्थात आकाशाच्या मानाने दोन्ही इवल्याशाच. पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासावर एसीएसच्या जेमतेम नऊ चौकटी मावतील.

खरा फरक प्रकाशाच्या पल्ल्यात आहे. एसीएसचा मुख्य भाग साधारण ३५० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. त्यापलीकडे त्याच्या सिलिकॉनच्या चिपला काही जाणवतच नाही. डब्ल्यूएफसी३ मध्ये दोन वेगळे संवेदक आहेत: एक २०० नॅनोमीटरपासूनच्या अतिनील प्रकाशापासून दृश्य प्रकाशापर्यंतचा, दुसरा पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा, १७०० नॅनोमीटरपर्यंतच्या अवरक्त प्रकाशासाठी.

११०० ते १७०० मधले हे सहाशे नॅनोमीटर किरकोळ वाटतील, पण फार दूरच्या दीर्घिका सापडतात त्या तिथेच. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे त्यांच्याकडून येणारा प्रकाश वाटेत ताणला जातो. त्यात १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगांचा प्रकाश मधला हायड्रोजन जवळजवळ सगळा गिळतो. ताणामुळे तरंगलांबी नऊपट झाली, तर ही कडा १०९४ नॅनोमीटरवर सरकते. एसीएसला तिथे अंधार. डब्ल्यूएफसी३ च्या अवरक्त चित्रात मात्र एक अंधुक ठिपका.

म्हणूनच मला ‘यातला चांगला कोणता’ हा प्रश्न चुकीचा वाटतो. २००३-०४ मध्ये एसीएसने काढलेल्या हबल अल्ट्रा डीप फील्डमध्ये, म्हणजे आकाशाच्या एका छोट्या तुकड्याच्या खूप वेळ प्रकाश साठवून काढलेल्या चित्रात, सुमारे १० हजार दीर्घिका दिसल्या. २००९ मध्ये डब्ल्यूएफसी३ ने तोच तुकडा अवरक्तात टिपला आणि संशोधकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. नव्यात आहे आणि जुन्यात अजिबात नाही, असा ठिपका अतिदूरचा असण्याची शक्यता मोठी. एसीएसला तो न दिसणं हीच त्याच्या अंतराची पहिली खूण. आकाशाच्या दुसऱ्या तुकड्यातला असाच एक ठिपका, जीएन-झेड११ ही दीर्घिका, तर विश्व जेमतेम ४३ कोटी वर्षांचं असतानाचा निघाला.