शिकारी माशाचा पिशवीतला प्रवास

पायारा नावाचा मासा ओरिनोको आणि अॅमेझॉनच्या वेगवान पाण्यात राहतो. त्याच्या खालच्या जबड्यातले दोन सुळे एवढे लांब वाढतात, की तोंड मिटल्यावर ते मावावेत म्हणून वरच्या जबड्यात दोन खोल खाचा असतात. फोटोत हा मासा भलताच खुनशी दिसतो. पिशवीत भरायची वेळ आली की मात्र त्याची दया येते. जाळीत अडकला तर सुळा मोडतो, प्लास्टिकवर धडकून तोंड सोलवटतं, खोका कुणी आदळला तर धडपडून अर्धमेला होतो. दुर्मिळ शिकारी मासे दूरवरून मागवताना त्यांच्यापासून आपल्याला जेवढा धोका असतो, त्याच्या कितीतरी पट धोका त्यांना असतो. त्यातला सगळ्यात मोठा तर दिसतही नाही, कारण तो पाण्यात विरघळलेला असतो.

पाठवणीची पद्धत जगभर साधारण सारखीच आहे. एकात एक दोन किंवा तीन पिशव्या, त्यांत साधारण एक तृतीयांश पाणी, वरच्या जागेत सिलिंडरमधून भरलेला शुद्ध ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर बँड आणि बाहेरून थर्माकोलचा खोका. हवेत ऑक्सिजन जेमतेम 21 टक्के असतो. पिशवीत तो जवळजवळ शंभर टक्के असल्यामुळे दिवस-दीड दिवसाच्या प्रवासात मासा गुदमरून मरण्याची शक्यता कमीच. अडचण येते ती मासा बाहेर काय टाकतो त्याची.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात. तो येतो प्रथिनांच्या पचनातून, आणि शिकारी माशाच्या खाण्यात प्रथिनांशिवाय फारसं काही नसतंच. हिशोब करून पाहू. 100 ग्रॅम मासळीत साधारण 18 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे जवळपास 3 ग्रॅम नायट्रोजन. मोठ्या माशाने निघण्याआधी एवढं खाल्लं आणि त्यातला एक तृतीयांश नायट्रोजन जरी अमोनियाच्या रूपात वाटेत 10 लिटर पाण्यात उतरला, तरी लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. घरच्या टाकीत हा विषारी अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू फिल्टरमध्ये असतात. पिशवीत फिल्टर नाही. म्हणून जाणते विक्रेते मासा पाठवण्याआधी त्याला उपाशी ठेवतात, लहान माशाला एक-दोन दिवस, मोठ्या शिकाऱ्याला त्याहून जास्त. भरल्या पोटी निघालेला मासा घाबरून घास उलटून टाकतो आणि मग तेच पाणी सडायला लागतं. ‘लांबचा प्रवास आहे, पोटभर खाऊ घालून पाठवा’ ही विनंती प्रेमापोटी केलेली असते, पण ती अजिबात मानू नये.

एवढा अमोनिया साचूनही मासे जिवंत पोहोचतात, याचं श्रेय दुसऱ्या एका कचऱ्याला जातं. माशाने श्वासाबरोबर सोडलेला कार्बन डायऑक्साइड बंद पिशवीत साठत जातो आणि पाणी आम्लधर्मी होतं. आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम या रूपात राहतो आणि ते कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 6.5 असेल तर 25 अंश सेल्सिअसला एकूण अमोनियापैकी जेमतेम 0.2 टक्के भाग मुक्त, म्हणजे खऱ्या अर्थाने विषारी असतो. सामू 8 झाला की तो 5 टक्क्यांच्या वर जातो.

आता खोका घरी पोहोचला आहे. मालक पिशवी टाकीत तरंगत ठेवतो, तोंड सोडतो आणि माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून टाकीतलं पाणी थेंब थेंब आत सोडत बसतो. इकडे पिशवी उघडल्याबरोबर साठलेला कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो. सामू चढतो, त्यात टाकीतल्या पाण्याची भर पडते. सामू एका अंकाने वाढला की मुक्त अमोनिया साधारण दहापट होतो. वरच्या हिशोबातल्या पिशवीत तो लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी होता, सामू 8 वर तोच 5 मिलिग्रॅमच्या पुढे जातो. बऱ्याच माशांचा जीव घ्यायला एक-दोन मिलिग्रॅम पुरतात. कल्ले भराभर हलू लागतात, मासा एका कुशीवर कलतो आणि मालकाला वाटतं, प्रवास सोसला नाही बिचाऱ्याला.

माझं मत विचाराल तर लांबून आलेल्या मोठ्या शिकारी माशासाठी ही तासभराची ठिबक पद्धत बंद करावी. पिशवी न उघडता अर्धा-पाऊण तास टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळतं. पिशवीतलं पाणी कसं असेल ते विक्रेत्याला आधीच विचारून नव्या माशासाठी वेगळ्या ठेवलेल्या टाकीचा सामू आणि क्षार शक्य तितके जवळ आणून ठेवावेत. एकदा पिशवी उघडली की मग रेंगाळायचं नाही. मासा सरळ टाकीत आणि पिशवीतलं पाणी मोरीत. ठिबक लावणं भागच असेल, उदाहरणार्थ मासा खूप क्षार असलेल्या पाण्यातून फार मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात जाणार असेल, तर अमोनिया बांधून ठेवणारं औषध आधी पिशवीत घालावं.

कार्बन डायऑक्साइड उपकारकर्ता आहे असंही समजू नये. अनेक माशांचं रक्त आम्लधर्मी झालं की त्यातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकदच घटते. याला रूट परिणाम म्हणतात. म्हणूनच ऑक्सिजनने फुगलेल्या पिशवीत मासा धापा टाकताना दिसू शकतो. थंडीच्या दिवसांत खोक्यात ठेवतात ती उष्णतेची पुडी तिच्यातली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते म्हणून तापते. खोका अगदी हवाबंद केला तर ती विझते, पिशवीला चिकटून राहिली तर मासा शिजतो. विमानात हवेचा दाब जमिनीवरच्या तीन चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. त्यामुळे पिशवीतला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो आणि टम्म भरलेली पिशवी शिवणीतून सुटते.

काही शिकाऱ्यांना पाण्यातला ऑक्सिजन पुरतच नाही. मरळीच्या कुळातले मासे, अॅमेझॉनचा अरापैमा, इलेक्ट्रिक ईल हे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. ईलला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 80 टक्के असा तोंडावाटे येतो. अशा माशाला वर मोकळी जागा न ठेवता पाणीच पाणी भरून दिलं, तर तो चक्क बुडून मरतो. मरळीला अंग बुडेल एवढं पाणी आणि वर भरपूर हवा एवढंच पुरतं. फक्त ती उडी मारते हे विसरायचं नाही, आणि पोहोचल्या दिवशी टाकीचं झाकणही.

काट्यांचं प्रकरण वेगळं. मोठ्या मार्जारमाशांच्या, म्हणजे कॅटफिशच्या, परांचे काटे ताठ झाले की दोन पिशव्या आरपार भोसकल्या जातात, म्हणून मधे कागदाचे थर घालतात. गोड्या पाण्यातल्या स्टिंगरे या चपट्या माशाच्या शेपटीवरच्या विषारी काट्यावर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बसवतात. या स्टिंगरेचं शरीरशास्त्र मला फार विलक्षण वाटतं. समुद्रातले त्यांचे भाऊबंद नायट्रोजनचा बराच भाग युरियाच्या रूपात रक्तात साठवून ठेवतात. अॅमेझॉनचे स्टिंगरे नदीत राहता राहता ती कला गमावून बसले आहेत. ते सरळ अमोनिया टाकतात आणि अंगाने मोठे असल्यामुळे बराच टाकतात. पसरट तळाच्या पिशवीत, भरपूर पाणी देऊनच त्यांना पाठवावं लागतं. साहजिकच वजन वाढतं आणि भाडंही.

म्हणून व्यापारी पिल्लं पाठवतात. पिल्लाला पाणी कमी लागतं, ते अमोनिया कमी सोडतं. पण बोटभर लांबीचा लाल शेपटीचा कॅटफिश पुढे मीटरभराच्या वर जातो. विकत घेतला तो मासा आणि सांभाळायचा तो मासा यांच्यात एवढा फरक असतो, आणि त्याची जागा शोधायची वेळ आली की बरेच हौशी लोक तळ्याकडे पाहू लागतात. अमेरिकेने 2002 मध्ये मरळ कुळातल्या माशांची जिवंत आयात बंद केली आणि जपानने 2018 मध्ये ‘गार’ (gar) नावाच्या लांब जबड्याच्या शिकारी माशांवर निर्बंध घातले, ते अशाच सोडून दिलेल्या माशांच्या धास्तीने.

कागदपत्रांचा संबंधही शेवटी पिशवीशीच येतो. आशियाई अरोवाना हा शिकारी मासा 1975 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. नोंदणीकृत पैदास केंद्रातला, अंगात मायक्रोचिप बसवलेला मासाच कायद्याने सीमा ओलांडू शकतो. एखादा परवाना अपुरा निघाला तर खोका तपासणीत अडकतो, आणि दीड दिवसाच्या हिशोबाने भरलेल्या पिशवीचा तिसरा दिवस सुरू होतो. चोरून आणलेल्या माशाची गत त्याहून वाईट, कारण लपवायच्या सामानात पाण्याला आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही.

मासा टाकीत गेला की पहिला दिवस दिवे बंद ठेवावेत आणि खाऊ घालायची घाई करू नये. ताणामुळे कल्ल्यांतून शरीरातले क्षार झिरपतात, प्रतिकारशक्ती उतरते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याच आठवड्यात डोकं वर काढतो. थोडं मीठ बऱ्याच जातींना मानवतं. मोठा शिकारी दोन आठवडेही उपाशी राहू शकतो, त्यामुळे तो खात नाही म्हणून जिवंत गोल्डफिश आणून टाकण्याची काहीच गरज नसते. गोल्डफिशबरोबर परजीवी येतात, शिवाय त्यांच्या अंगात थायमिनेज हे विकर असतं. तेच खाणं चालू राहिलं तर ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि काही महिन्यांनी मासा तोल जाऊन गोल गोल पोहायला लागतो. कोळंबीचा किंवा पांढऱ्या मासळीचा लहानसा तुकडा चिमट्याने हलवून दाखवावा. नाही घेतला तर काढून घ्यावा, आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवावा.