पंखा बोंबलतोय, पण वारं कुठंय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानातला लॅपटॉप खोलला की आतली धूळ पिवळी निघते, घरातल्या लॅपटॉपची करडी, आणि किचन जवळ असेल तर फोडणीच्या तेलानं चिकट झालेली. ही धूळ पंख्याच्या पात्यांवर थोडीच असते, खरा चोक पुढं असतो. प्रोसेसरवरनं तांब्याची चपटी नळी निघते, तिच्यात अगदी थोडंसं पाणी असतं, गरम टोकाला त्याची वाफ होते आणि दुसऱ्या टोकाला परत पाणी, हे सारखं चालूच. त्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी, दोन पत्र्यांत मिलिमीटरभर फट, तिच्यातून पंखा हवा बाहेर ढकलतो. धूळ बरोबर या जाळीच्या तोंडाला अडकते आणि दाबून दाबून तिची घोंगडी होते, बोटानं सोललं तर अख्खी पट्टी निघते. मग पंखा कितीही बोंबलू दे, बाजूला हात धरला तर वारंच लागत नाही.

प्रोसेसरची चिप साधारण 100 डिग्रीजवळ गेली की जळू नये म्हणून स्वतःचा स्पीड कमी करते. लोकांना वाटतं व्हायरस, जाऊन विंडोज मारून आणतात, पैसे जातात आणि लॅपटॉप आहे तसाच रडतो. त्यात एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 40 ला टेकतो, म्हणजे थंड करायला आत घेतलेली हवाच तापलेली.

बाहेरून ब्लोअर मारून ती घट्ट पट्टी सहसा निघत नाही, उलट आत पंख्यावर येते. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, मागचं कव्हर उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पंख्याचे दोन-तीन स्क्रू (काही मॉडेलमध्ये पंखा नळीसकट येतो, तिथं जपून), आणि मऊ ब्रश. ब्लोअर मारायचाच तर पातं टूथपिकनं अडवून, नाहीतर पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नकोच, त्याच्या हवेत पाणी येतं. व्हॅक्यूम क्लिनर पण नको, त्यानं स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज तयार होते.

नुसता पंखा काढला तर थर्मल पेस्टला (प्रोसेसर आणि तांब्याच्या मधला, उष्णता पुढं नेणारा लेप) हात लावायची गरज नाही, पण प्रोसेसरवरचा तांब्याचा तुकडा उचलला की जुनी पुसून नवीन लावायलाच लागते.