नोंद-दुरुस्ती, वेब फॉर्ममधून

डेटाबेसमध्ये आधीपासून असलेली नोंद ब्राउझरमधील फॉर्मवर आणून, तिच्यात केलेला बदल सर्व्हरवरील स्क्रिप्टमार्फत पुन्हा त्याच नोंदीत लिहिण्याची पद्धत. बोलताना तिला ‘रेकॉर्ड अपडेट करणे’ किंवा नुसते ‘एडिट’ म्हणतात. नव्या नोंदीचा फॉर्म कोरा असतो. दुरुस्तीचा फॉर्म मात्र जुन्या मजकुराने भरून यावा लागतो. म्हणून येथे दोन विनंत्या होतात : पहिली नोंद वाचते, दुसरी ती लिहिते. ब्राउझर व सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला दुसरीच्या वेळी पहिली आठवत नाही. या पद्धतीतील बहुतेक अडचणी या दोहोंमधील वेळात जन्मतात.

उगमाबाबत एकमत नाही. एक मत पद्धतीची सुरुवात १९९३ पासून धरते. त्या वर्षी एनसीएसए या अमेरिकी संगणन संस्थेच्या मोझाइक ब्राउझरमध्ये फॉर्म आले आणि त्याच संस्थेच्या सर्व्हरबरोबर सीजीआय हा, सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम कसा चालवावा याचा संकेत रूढ होऊ लागला. (त्याचे लेखी विवरण आरएफसी (इंटरनेटविषयक दस्तऐवजमाला) ३८७५ म्हणून २००४ मध्येच निघाले, फॉर्मही वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या २.० आवृत्तीत नोव्हेंबर १९९५ मध्ये नोंदले गेले.) दुसरे मत १९९५ पुढे करते : रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची (सर्व्हरवरील स्क्रिप्ट लिहिण्याची) साधने ८ जून १९९५ रोजी जाहीर केली, अलेर बंधूंचे त्याच कामाचे कोल्डफ्यूजन त्याच वर्षीचे आणि मायएसक्यूएल ही डेटाबेस-प्रणालीही. पीएचपीचा आरंभ काही जण १९९४ मानतात. तेव्हा ती लेरडॉर्फ यांच्या खासगी वापरात होती. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पीएचपीची सुरुवातीची साधने स्वतःच सी भाषेत लिहिलेले सीजीआय प्रोग्रॅम होती.

नोंदीचा क्रमांक फॉर्ममधील लपवलेल्या रकान्यातून परत येतो. समजा, सभासद क्र. ४१७ चा पत्ता बदलायचा आहे. स्क्रिप्टने पाठवायचा आदेश असा : ‘अपडेट सभासद सेट पत्ता = ? व्हेअर आयडी = ?’. कोणती नोंद ते सांगणारे ‘व्हेअर’ राहून गेले, तर सगळ्याच सभासदांचा पत्ता एक होतो. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये (आदेश टंकण्याच्या प्रोग्रॅममध्ये) असा आदेश अडवणारा ‘सेफ-अपडेट्स’ पर्याय आहे. त्याचे दुसरे अधिकृत नाव ‘आय-अ‍ॅम-अ-डमी’. लपवलेला रकाना वापरणाऱ्याला सहज बदलता येतो, म्हणून ४१७ ला हात लावण्याचा अधिकार सर्व्हरवर पुन्हा तपासावा लागतो. प्रश्नचिन्हांच्या जागी येणारी मूल्ये आदेशापासून वेगळी पाठवतात. मजकूर थेट आदेशात जोडण्याची सवय धोक्याची आहे (मजकुरातून परका आदेश घुसू शकतो), हे १९९८ पासून जाहीरपणे लिहिले गेले आहे. तरी पीएचपीची जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शने ७.० आवृत्तीत, २०१५ मध्ये, काढली जाईपर्यंत ती सुटली नाही.

सर्वांत दुर्लक्षित अडचण हरवलेल्या दुरुस्तीची. ग्रंथालयातील एका लेखनिकाने ११ वाजता ४१७ ची नोंद उघडली. दुसऱ्याने ११.०५ ला तीच उघडून फोन नंबर बदलला. पहिल्याने ११.२० ला पत्ता बदलून ‘जतन करा’ दाबले. स्क्रिप्ट सगळे रकाने लिहीत असल्याने जुना फोन नंबर परत आला आणि काही चुकल्याचा संदेश कोणालाच दिसला नाही. नोंदीला कुलूप लावावे, तर उघडणारा चहाला गेला किंवा त्याने ब्राउझर बंद केला तरी सर्व्हरला कळत नाही. म्हणून कुंग व रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आशावादी नियंत्रणाचा (कुलूप न लावता लिहिताना तपासण्याचा) मार्ग बरा : नोंदीत आवृत्तीचा रकाना ठेवायचा, ‘व्हेअर आयडी = ४१७ अँड आवृत्ती = ६’ असे विचारायचे आणि लिहिताना आवृत्ती ७ करायची. बदललेल्या ओळी शून्य आल्या, तर मधल्या वेळात कोणीतरी नोंद बदलली किंवा काढून टाकली. एरवी मायएसक्यूएलचे हे शून्य फसवे असते, कारण मजकूर जसाच्या तसा पाठवला तरी ते शून्यच सांगते. आवृत्ती दर वेळी वाढत असल्याने ही संदिग्धता उरत नाही.

देवनागरी नोंदींचे प्रश्न निराळे. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता ८.० आवृत्ती (२०१८) येईपर्यंत लॅटिन-१ होती, म्हणजे देवनागरी नसलेली. साठवण युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या संहितेत) पण स्क्रिप्ट व डेटाबेस यांची जोडणी लॅटिन-१ मध्ये असेल, तर फॉर्मवर नावाऐवजी ‘????’ येते, वापरणाऱ्याने फक्त फोन नंबर बदलून जतन केले तरी ती प्रश्नचिन्हे कायमची नाव म्हणून लिहिली जातात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात १० युनिकोड चिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ३० बाइट. पीएचपीचे साधे लांबी-फंक्शन ३० सांगते आणि त्या मापाने नाव कापले तर शेवटचे अक्षर मोडते. ‘कऱ्हाड’ तर दोन प्रकारे टंकता येते : स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण बाइटनिहाय तुलनेत जुळत नाहीत. अशा वेळी गावाच्या नावावरून केलेली दुरुस्ती काही ओळींना लागते, काहींना लागत नाही.