बटाट्याचं नत्र कुठे मुरतं?

मंचरच्या बाजारात बटाट्याचं बेणं येतं ते बहुतेक पंजाबातून, जालंदरकडून. तिथे कोरड्या थंडीत पोसलेलं हे बेणं आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मातीत जातं. गडबड इथूनच सुरू होते.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २०.७ किलो. मातीत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋणभार, मातीच्या कणांवरही ऋणभार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. बटाट्याच्या बहुतेक मुळ्या वरच्या फूट-दीड फुटातच. पठारावर झड लागली की नायट्रेट त्यांच्या आवाक्याखाली उतरतं, पाला पिवळा पडतो आणि आणखी एक गोणी फुटते. नत्र जास्त झालं तर पाला माजतो, बटाटे धरायला उशीर होतो.

मग कमी नत्रात भागवणारं वाण का काढत नाहीत? काढायचा प्रयत्न जगभर चालू आहे, पण मामला किचकट. मातीतून नत्र किती उचललं आणि उचललेल्यातून बटाटा किती पोसला, हे दोन वेगळे गुण. दोन्हींमागे बरीच जनुकं, एकेकाचा वाटा लहान. त्यात बटाट्याची गुणसूत्रं ४८, प्रत्येक जनुकाच्या चार-चार प्रती. २०११ मध्ये बटाट्याचा जनुकसंच वाचला गेला, तोही हा गुंता टाळण्यासाठी खास तयार केलेल्या सोप्या रोपावर.

नत्राशी निगडित जनुकं शोधताना बोट वारंवार पाचव्या गुणसूत्रावर जातं. तिथे सीडीएफ१ नावाचं जनुक आहे. दिवस किती मोठा आहे ते बघून बटाटे कधी धरायचे, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात. उशिरा तयार होणाऱ्या वाणाला नत्र उचलायला दिवसच जास्त मिळतात. म्हणजे ज्याला आपण काटकसरी म्हणतो, ते पुष्कळदा नुसतं उशिराचं वाण असतं! खरिपाचा बटाटा काढून रब्बीसाठी रान मोकळं करायचं असेल, तर असली काटकसर काय कामाची?

शिवाय पुण्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, पंजाबातल्या डिसेंबरचा जेमतेम दहा. तिथे पहिला आलेला वाण इथे पहिला येईलच असं नाही. बटाटा डोळ्यांपासून वाढतो, म्हणून एका वाणाची सगळी रोपं जनुकांनी सारखीच. बेणं निरोगी असेल तर दोन गावांतला फरक माती, पाऊस आणि हवेचाच. त्यामुळे वाणांची पारख पठारावरच, खरिपातच व्हायला हवी: एक पट्टा नेहमीच्या खतावर, एक कमी नत्रावर, आणि लवकरच्या वाणांची तुलना लवकरच्यांशीच.