कोअर स्थैर्याचे व्यायाम : पोटाचा ताण आणि कण्याची हालचाल

कोअर म्हणजे पोट-कमरेचा, धडाचा मधला भाग. कोअर स्थैर्याच्या व्यायामात हात-पाय हलतात, कंबर जागेवर राहते. पोटाच्या स्नायूंचे इथले काम हालचाल घडवण्याचे नाही, ती अडवण्याचे आहे. त्यामुळे व्यायाम साधला की नाही हे पाय किती उंच गेला यावरून ठरत नाही; तो जाताना कमरेचा बाक किती बदलला यावरून ठरते.

स्नायू काढून केवळ अस्थिबंधांवर (हाडे जोडणाऱ्या पट्ट्यांवर) उभा केलेला कमरेचा कणा सुमारे ९० न्यूटन, म्हणजे जेमतेम ९ किलोच्या भाराखाली वाकतो. धडाचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. उरलेला आधार तंबूच्या दोरांसारखे चहूबाजूंनी ताणलेले स्नायू देतात : पुढून सरळ उदरस्नायू, बाजूंनी बाहेरचा व आतला तिरका, सर्वांत आत पट्ट्यासारखा आडवा उदरस्नायू आणि मागून पाठीचे स्नायू. कण्याचे अभ्यासक मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये ‘न्यूट्रल झोन’ची कल्पना मांडली. मधल्या स्थितीच्या आसपास मणका फारशा विरोधाविना थोडा हलतो, तो हा टापू. स्नायूंचा ताण वाढला की हा टापू आक्रसतो.

उताणे झोपून, दुमडलेला पाय हवेत लांब करताना हे नीट दिसते. एक पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीत साडेनऊ किलोचा असतो. तो पेलणारा सोअस स्नायू थेट कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि त्यांना पुढे खेचतो. त्याच्या जोडीचा इलियाकस स्नायू श्रोणी (कमरेखालचा हाडांचा कडा) पुढे झुकवतो. उदरस्नायूंनी श्रोणीची पुढची कड धरून ठेवली नाही, तर कमरेखालची पोकळी वाढते. गुडघा जितका सरळ, तितका पायाचा भार जास्त. कमरेखाली हवेची पिशवी ठेवून ती ४० मिमी पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवली, की काटाच सांगतो : तो खाली गेला तर कंबर उचलली गेली, वर गेला तर ती जमिनीवर दाबली गेली. दुसरी चूक अनेकदा बरोबर कृती म्हणून शिकवली जाते. पण पाठ सपाट दाबणे हेही कण्याचे वाकणेच.

पोटाला ताण देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत बेंबीखालचे पोट हलकेच आत ओढतात. पाठदुखी नसलेल्यांत हात उचलण्याआधीच आडवा उदरस्नायू जागा होतो, कंबरदुखी असलेल्यांत उशिरा, असे संशोधक हॉजेस व रिचर्डसन यांना १९९६ मध्ये आढळले. त्यानंतर ही पद्धत पसरली. दुसरीत पोट आत न ओढता, बाहेर न फुगवता, कुणी बोट खुपसणार असल्यासारखे कुशींसह आवळतात. धडाला अचानक धक्का देऊन केलेल्या प्रयोगांत कमरेची हालचाल दुसरीने कमी झाली, पहिलीने नाही. पालथे झोपून पाय मागे उचलताना मात्र पहिलीही उपयोगी पडते : श्रोणीचे झुकणे व पाठीच्या उभ्या स्नायूंचा ताण घटतो आणि नितंबाचा स्नायू जास्त काम करतो.

जोर किती लावायचा, इथेच बहुतेक चुकतात. पूर्ण ताकदीने आवळल्यास मणक्यांवरचा दाब वाढतो, श्वास अडकतो आणि सरळ उदरस्नायू बरगड्या खाली ओढून पाठीला पोक आणतो. शांत उभे राहताना तर कमाल ताकदीचे काही टक्केही पुरतात. आवळलेल्या पोटाने सलग बोलता येत नसेल, तर ताण जास्त आहे.

बर्ड-डॉग या व्यायामात तळवे खांद्यांखाली आणि गुडघे खुब्यांखाली ठेवून विरुद्ध हात-पाय लांब करतात. टाच नितंबापेक्षा वर गेली की जास्तीची उंची खुब्यातून नव्हे, कमरेच्या बाकातून येते. आधार एका गुडघ्यावर आल्याने श्रोणी एका बाजूला कलते. हा पीळ तिरक्या स्नायूंनी थोपवायचा. पाठीवर काठी ठेवावी : डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. ८ ते १० सेकंद धरून सोडावे. काठी घसरू लागली तर वेळ न वाढवता फक्त पाय लांब करावा, हात जमिनीवरच ठेवावा. तरीही घसरली, तर पायाचा अंगठा जमिनीवरून सरकवत मागे न्यावा.